पोरांना सिंधू संस्कृती शिकवायची तर आधी हात मातीत घाला

पहिली-दुसरीच्या पोरांना 'इसवी सन पूर्व २५००' सांगून काही उपयोग नाही, ते डोक्यावरून जातं, म्हणून मी विटांपासूनच सुरू करते. हडप्पा, मोहेंजोदडोच्या विटांचं माप ठरलेलं होतं, जाडी, रुंदी, लांबी १:२:४, म्हणजे पोरांसाठी २, ४ आणि ८ सेंमी. पुठ्ठ्याचा साचा करा, पण आपल्या खान्देशातली नुसती काळी माती घेऊ नका, वाळली की तडकते (माझ्या पहिल्या बॅचचे सगळे तुकडे झाले 😄), त्यात भुसा आणि थोडी वाळू मिसळा. चार दिवस गच्चीवर वाळवा, मग त्याच विटांची अंगणात नाली बांधा, वरून झाका आणि तांब्याभर पाणी सोडा. पाणी दुसऱ्या टोकाला निघालं की एकच कल्ला!

मग मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचे शिक्के. साबणाच्या वडीवर बोथट खिळ्याने बैल कोरायचा आणि मातीत दाबायचा. ठसा उलटा येतो, तेव्हा पोरगं विचारतंच, "हाई काय शे?" (हे काय आहे?) तिथेच सांगा की तेव्हाचे कारागीरही असंच उलटं कोरायचे, आणि त्यांची लिपी आजपर्यंत कुणालाच वाचता आलेली नाही. हे ऐकून पोरं स्वतःची गुप्त लिपी काढत बसतात, अर्धा तास शांतता.

घरात कापूस असेल तर बोंडातून सरकी काढायला द्या, मोहेंजोदडोत सुती कापडाचे अंश सापडलेत. आणि नकाशात तापीकाठचं सावळदे दाखवाच, एका ताम्रपाषाणकालीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातल्या) संस्कृतीला या गावाचं नाव आहे.