रायफलची नळी घाईने झिजते: या चुका टाळा

"काका, नळी गेली हो माझी."

मे महिन्यातली सकाळ, अकरा वाजत आलेले. इंदूरबाहेरच्या रेंजवर पत्र्याच्या शेडखाली एक तरुण नेमबाज हातात टार्गेटचा कागद घेऊन उभा होता. शंभर मीटरवरच्या पहिल्या पाच गोळ्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. पुढच्या पंधरा मात्र हळूहळू वर आणि उजवीकडे सरकत गेलेल्या. रायफल बिग बोरची, म्हणजे मोठ्या काडतुसाची, तीनशे मीटरच्या स्पर्धेसाठी घेतलेली. वहीत एकूण राउंड, म्हणजे झाडलेली काडतुसं, नऊशेच्या आसपास. एवढ्यात चांगली मॅच नळी, म्हणजे स्पर्धेसाठीची नळी, संपत नाही, म्हणून मी एकच विचारलं, "हे वीस राउंड किती वेळात मारलेस?"

"असतील पाच-सहा मिनिटं."

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. महूला काढलेल्या वर्षांत इतक्या नळ्यांच्या आत डोकावलो की आता नळी पाहण्याआधी मी माणसाची वही मागतो. आणि बहुतेक वह्यांत तीच चूक असते: राउंड किती हे लिहिलेलं असतं, ते किती वेळात मारले हे नसतं.

झीज कुठे होते ते आधी समजून घेऊ. गोळी नळीत घासून जाते म्हणून नळी झिजते, असं बहुतेकांना वाटतं. घासण्याचा वाटा असतो, पण तो लहान. खरा मार बसतो चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे, जिथे रायफलिंगचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) सुरू होतात. त्या जागेला थ्रोट म्हणतात. दारूचा जळता वायू अडीच-तीन हजार अंशांचा असतो आणि दाब वातावरणाच्या तीन-चार हजार पट. हा झोत पोलादाच्या कातडीला फक्त काही सहस्रांश सेकंद चाटून जातो, पण तेवढ्यात ती कातडी हजार अंशांच्या घरात पोचते आणि लगेच थंड होते. वायूतला कार्बन आणि नायट्रोजन तिच्यात शिरतो, ती कडक आणि ठिसूळ होते. प्रत्येक गोळीला ती फुगते, आकसते, शेवटी तडकते. मग पुढचा झोत त्या तड्यांत शिरून कडा उडवतो.

बोअरस्कोपमधून (नळीच्या आत पाहायच्या बारीक कॅमेऱ्यातून) हे पाहिलं की मला दर वेळी माळव्यातली उन्हाळ्यातली काळी माती आठवते. मे महिन्यात शेताला पडतात तशाच भेगा, फक्त केसाहून बारीक.

आता घाईचा मुद्दा. प्रत्येक झोत ठरावीक उष्णता आणतो. कातडीखालचं पोलाद आधीच तापलेलं असेल, तर पुढच्या गोळीला कातडी त्याच प्रमाणात जास्त तापते. झीज तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, शेवटच्या टप्प्यात ती झपाट्याने वाढते. एक ढोबळ हिशेब सांगतो. मध्यम ताकदीच्या काडतुसात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दारू असते. तिच्या ऊर्जेचा पाव भाग नळीत गेला असं धरलं, तर दोन किलोची नळी एका गोळीला सरासरी अडीच अंश तापते. वीस गोळ्या घाईने मारल्या की झाले पन्नास अंश. इंदूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेली काळी नळी सुरुवातीलाच पंचेचाळीस-पन्नासवर असते. आणि ही झाली सरासरी. थ्रोटची जागा याहून बरीच तापलेली असते. तेच वीस राउंड चाळीस मिनिटांत मारले, तर मधल्या वेळात बरीचशी उष्णता हवेत निघून जाते.

हे दुखणं जुनं आहे. ब्रिटिशांच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये (बिनधुराच्या दारूत) नायट्रोग्लिसरीन 58 टक्के होतं. ते इतकं तप्त जळायचं की तोफा-बंदुकांच्या नळ्या भराभर खराब होऊ लागल्या. बोअर युद्धाच्या सुमारास हे फारच जाणवलं आणि पुढच्या सुधारित कॉर्डाइटमध्ये ते प्रमाण 30 टक्क्यांवर आणलं गेलं. काडतूस तसंच राहिलं, फक्त ज्वाला थोडी थंड केली आणि नळीचं आयुष्य वाढलं. म्हणून दारू बदलताना नुसता वेग पाहू नका. दोन दारू सारखाच वेग देत असतील तर थंड जळणारी घ्या.

हाताने चुकीच्या जागी तपासणं

नेमबाज नळीच्या टोकाला बोट लावतो आणि म्हणतो, "कोमटच आहे." टोक पातळ असतं, हवेत असतं, तिथे उष्णताही कमी येते. हात लावायचा तो चेंबरच्या पुढे चार बोटं. आतली उष्णता जाड भिंतीतून बाहेर यायला काही सेकंद लागतात, त्यामुळे गोळीबार थांबल्यावरही तिथली नळी थोडा वेळ तापतच राहते. शेवटच्या गोळीनंतर अर्धा मिनिट थांबा, मग हात ठेवा. पाच सेकंद धरवत नसेल तर धातू साठच्या आसपास किंवा पुढे गेला आहे. तिथे मालिका थांबवायची. दोनच गोळ्या उरल्या असल्या तरी थांबवायची.

तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून विचार करत बसणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती चांगले नेमबाज करतात. वारा पाहायचा असतो, श्वास बसवायचा असतो, आणि राउंड आत शिजत असतो. दारू गरम झाली की दाब वाढतो, वेग वाढतो, गोळी वर लागते, आणि थ्रोटवर जास्तीचा भार पडतो तो वेगळाच. मशीनगनमध्ये हेच टोकाला गेलं की काडतूस ट्रिगर न दाबता आपोआप उडतं. त्याला कुक-ऑफ म्हणतात. म्हणूनच बऱ्याच मशीनगनमध्ये ट्रिगर सोडला की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे थांबतो आणि चेंबर रिकामं राहतं, आणि म्हणूनच त्यांच्यासोबत बदलायची दुसरी नळी असते. आपली बोल्ट रायफल त्या टोकाला सहसा जात नाही, पण सवय तीच हवी: वारा आधी वाचा, श्वास आधी बसवा, राउंड शेवटी भरा.

पाणी ओतणं, ओलं फडकं गुंडाळणं

कृपा करून करू नका. नळी एका बाजूने आकसते, गंज धरतो आणि थेंबभर पाणी आत राहिलं तर पुढच्या गोळीला दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा, आणि रेंजच्या नियमात बसत असेल तर रायफल नळी वर करून रॅकला उभी ठेवा. गरम हवा वरून निघते, खालून थंड हवा आत येते. नळी स्वतःच चुलीच्या धुराड्यासारखी चालते. सावली हवीच. उन्हाळ्यात मी तर सराव संध्याकाळी ठेवायला सांगतो. शब-ए-माळवा म्हणतात ते उगीच नाही, सूर्य कलला की इथली हवा उतरते.

गट फाटला, म्हणजे गोळ्या विखुरल्या, की लगेच नळीला दोष देणं

पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

थंड नळीत गट चांगला येतो, गरम झाल्यावर एकाच दिशेला सरकतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जागेवर येतो? ही झीज नाही. नळी तापून स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) टेकत असते किंवा घडवताना राहिलेला ताण तिला वाकवतो. दुहेरी घडीचा कागद नळी आणि स्टॉकच्या मधून थंड असताना सरकवून पाहा, मग दहा गोळ्यांनंतर पुन्हा. अडकला तर उत्तर मिळालं. स्टॉकचे स्क्रूही तेव्हाच तपासा.

गोळ्या सरकत नाहीत, पण दुर्बिणीत टार्गेट पाण्यासारखं हलतं? ती नळीवरून उठणारी गरम हवा. नळीवर पट्टी ताणून बसवली की फरक पडतो.

थंड नळीतही गट मोठा, पण नीट साफ केल्यावर सुधारतो? तांबं आणि कार्बन साचलंय.

नळी थंड, साफ, दारूगोळा एकाच लॉटचा, आणि तरीही अधूनमधून एखादी गोळी भलतीकडे? वेगही पूर्वीपेक्षा कमी झालाय? आट्यांना टेकायला गोळी आधीपेक्षा पुढे बसवावी लागते? आता थ्रोटवर संशय घ्या.

पॉइंट टू टूच्या (.22 कॅलिबरच्या) नळीची नको ती काळजी

पॅरिसला 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, तेव्हापासून रायफलबद्दल विचारणारे मराठी आईबाप मला जास्त भेटतात. त्यांना स्पष्ट सांगतो: त्या स्पर्धेच्या पॉइंट टू टू रायफलीच्या काडतुसात दारू जेमतेम एक दशांश ग्रॅम असते. वरच्याच हिशेबाने साठ गोळ्यांची पूर्ण मॅच दोन किलोच्या नळीला पाच-सहा अंशांपलीकडे तापवत नाही. उष्णतेने ती मरत नाही, हजारो राउंड सहज टिकते. तिला त्रास होतो तो चेंबरपुढे साचणाऱ्या कार्बनच्या कड्याचा, प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या मसाल्यातल्या) काचेच्या बारीक भुकटीचा, आणि त्याहून जास्त चुकीच्या साफसफाईचा. टोकाकडून रॉड घालून, गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) न लावता घासाघीस केली की टोकाची कड एका बाजूने झिजते आणि मग नेम सुटतो. रॉड चेंबरकडून घाला, गाइड लावूनच. चिंदी एकदाच पुढे जाऊ द्या आणि टोकाशी काढून घ्या, मागे ओढू नका.

एअर रायफलमध्ये दारूच नसते, त्यामुळे एअर रायफलवाल्यांनी हा लेख इथे सोडला तरी चालेल.

क्रोमबद्दलही विचारतात. फौजी नळ्यांना आतून क्रोमचा थर असतो, तो पोलादापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळतो, म्हणून त्या मार सोसतात. पण तो थर सगळीकडे अगदी एकसारखा बसवणं अवघड, त्यामुळे मॅच नळ्या सहसा बिनाक्रोमच्या असतात. फौजेतल्या रायफलीने जे सोसलं ते तुमची मॅच रायफल सोसेल असं धरू नका.

त्या मुलाच्या रायफलीत दोन्ही निघालं. कागद अकराव्या गोळीनंतर स्टॉकच्या उजव्या बाजूला अडकला. म्हणजे त्या दिवसाचा गट फाटला तो तिथून. लाकूड थोडं घासलं की ते संपलं. पण बोअरस्कोप घातला तर थ्रोटपुढे दोन बोटं काळ्या मातीची जाळी दिसायला लागली होती, नऊशे राउंडांना शोभणार नाही इतकी. त्याने स्क्रीनवर पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आता त्याच्या वहीत तारीख, राउंड, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि हवेचं तापमान असे पाच रकाने आहेत. दर दोनशे राउंडांनी आम्ही पुन्हा आत पाहतो. जाळी अजून तेवढ्याच दोन बोटांत आहे.