'हिंदू' अर्धी सोडलीय? मग असं करून बघा

भालचंद्र नेमाडेंची 'हिंदू' ही कादंबरी आली 2010 मध्ये, मग 2014 चं ज्ञानपीठ त्यांना मिळाल्यावर परत एकदा सगळ्यांनी घेतली, आणि माझा अंदाज आहे की त्यातल्या निम्म्या प्रतींमधला बुकमार्क अजून पन्नाशीच्या आतबाहेर अडकलाय. पुस्तक 600 पानांच्या आसपास आहे, घाबरायला होतंच. मलाही ही कादंबरी आवडते की नाही हे एका वाक्यात सांगता येत नाही, पण वाचून काढता नक्की येते.

पहिलं म्हणजे लायब्ररीतून आणू नका. मुदत संपत आली की पानं उरकली जातात, आणि उरकण्यासारखं हे पुस्तक नाहीये. विकत घ्या, नाहीतर अशा मित्राकडून आणा जो स्वतः वाचत नाहीये (असे भरपूर सापडतील).

सुरुवात होते मोहेंजोदडोला. कादंबरीचा नायक खंडेराव हा पुरातत्त्ववाला, तिकडे उत्खननावर, आणि इकडे खानदेशात मोरगावला वडील आजारी. बहुतेक लोक इथेच गळतात, कारण सगळं कळलंच पाहिजे असा हट्ट असतो. नाही कळलं तरी चालतं हो! तो गावाकडे निघाला की मग लहानपण, शेती, भाऊबंदकी, आत्या, मावश्या, महानुभाव, वारकरी असं एकातून एक निघत जातं आणि तिथे पुस्तक खऱ्या अर्थाने सुरू होतं. पुढे काय होणार म्हणून वाचायला गेलात तर वैतागाल, कथानक असं फारसं नाहीच. बसायचं तेव्हा एक आठवण संपेपर्यंत बसा, रोज इतकी पानं वगैरे टार्गेट ठेवू नका.

माणसं इतकी आहेत की कोण कुणाची कोण हे दुसऱ्या दिवशी विसरायला होतं. एक कागद आत ठेवायचा, नाव आणि नातं, बास. पण प्रत्येकाचं लिहू नका, जो दुसऱ्यांदा भेटेल त्याचंच लिहा, बाकीचे येतात आणि जातात.

बोलीचं म्हणाल तर अडलेलं वाक्य मोठ्याने वाचा. डोळ्यांना परकं वाटणारं कानाला पटकन कळतं, घरात कुणी जळगाव-भुसावळकडचं असेल तर मजाच.

आणि हो, चिडा. काही ठिकाणी खंडेराव इतकं लांबण लावतो की अरे बाबा पुरे आता असं होतं, संस्कृतीवरची लेक्चरं मला तरी जड गेली, तिथे मी सरळ पानं उलटली आणि काही बिघडलं नाही. पण शेतकरी घरातल्या बायकांचं जे आलंय, त्यांचे कष्ट, त्यांचं बोलणं, ते एक ओळही सोडू नका. ही दोन्ही पानं एकाच पुस्तकात आहेत हाच तर सगळा घोळ आहे.

नेमाडे आधी वाचलेच नसतील तर मात्र 'हिंदू' बाजूला ठेवा आणि 'कोसला' घ्या. 1963 ची आहे, बरीच लहान आहे, आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याची बडबड झेपली तर खंडेरावचीही झेपेल. नाही झेपली तर निदान 600 पानांचे पैसे वाचले.