समुद्री दंतकथांचे स्क्रीनप्रिंट करताय? या चुका टाळा

गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जायचं, होड्यांचे फोटो काढायचे आणि परत आल्या आल्या नारळी पौर्णिमेचं प्रिंट करायला बसायचं, हे कोल्हापुरातल्या नवशिक्यांचं ठरलेलं. घाईही ठरलेली, आणि चूकही : इमल्शन, म्हणजे स्क्रीनच्या जाळीवर लावायचा, उजेडात पक्का होणारा थर, वाळायच्या आत एक्स्पोजर, म्हणजे वर चित्र ठेवून उजेड देणं.

होडी, दोरखंड, लाटा, सगळ्या केसाएवढ्या रेषा. एका मुलाने सणाच्या आदल्या संध्याकाळी कोटिंग केलं, म्हणजे जाळीवर इमल्शन लावलं. बाहेर दिवसभर पावसाची धार. बोट लावलं, चिकटलं नाही, म्हणून रात्रीच एक्स्पोज केलं. पाण्याचा फवारा बसताच आधी लाटा गेल्या, मग शीड, शेवटी नारळासकट अख्खा थर मोरीत. ‘वेळ वाढवून बघू,’ म्हणाला. पण दोष वेळेचा नव्हताच. इमल्शन वरून कोरडं लागतं तेव्हाही जाळीत ओल असते, आणि ओलं इमल्शन उजेडात नीट पक्कं होत नाही.

मी फ्रेम आडवी, छापायची बाजू खाली करून अंधाऱ्या कपाटात ठेवतो. आत छोटा पंखा आणि ओल शोषणारं मशीन. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर. सकाळी पालथा हात लावून बघायचा; जाळी गार लागली तर अजून ओल आहे. हेअर ड्रायरवाल्यांना मी स्क्रीनला हात लावू देत नाही. एकाच जागी गरम हवा बसली की तेवढाच थर कडक होतो.

दुसरी चूक चित्रातलीच. वादळात डोलकाठीच्या टोकाला दिसणारी ‘सेंट एल्मोची आग’ मुलं भगव्या ज्वाळांनी काढतात. ती आग नाहीच. टोकदार वस्तूभोवतीच्या हवेत होणारं ते विद्युत विसर्जन, रंग निळा-जांभळा. बरेच खलाशी तिला शुभ मानत, त्यामुळे त्यांचे चेहरे भेदरलेले काढू नका. आणि काळ्या कागदावर निळी शाई थेट ओढली की ती बुडते. आधी दाट पांढरा छापा, तो पूर्ण वाळू द्या, मग निळा. पांढरा आकार किंचित बारीक ठेवला की कडेने डोकावत नाही.

खलाशी अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याला मारणं अपशकुनी मानत, त्याचं नुसतं दिसणं नव्हे.

खलाशांच्या बोटांवर गोंदलेलं ‘होल्ड फास्ट’ (घट्ट धरा) कायम उलटं छापलं जातं. स्क्वीजीच्या, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या बाजूने पाहिल्यावर स्क्रीनवर अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत.

कापडावर छापायची ४३ टी (सेंटीमीटरला ४३ धागे) जाळी कागदावर वापरू नका. बारीक दोरखंडाला ९० टी तरी हवी.

पाण्यातली शाई असेल तर छपाई संपताच स्क्रीन धुवा. ‘जेवून येतो’ म्हणून गेलात, तर शाई जाळीत वाळून बसते आणि सगळ्यात आधी बारीक रेषाच बुजतात.