ख्रिश्चन समर कॅम्पला मुलांना पाठवताय? बॅगेच्या आधी हे वाचा

कॅम्पची तारीख जवळ आली की सगळ्या घराचा जीव बॅगेत अडकतो. टॉर्च घेतला का, टॉवेल किती द्यायचे, बायबल कुठलं न्यायचं. अहो बॅग एका संध्याकाळी भरून होते. एका संध्याकाळी जे होत नाही ते म्हणजे आईबाबांशिवाय, अनोळखी पोरांच्या मधे, दुसऱ्याच्या नियमाने राहायची सवय, आणि आईबाबांना मुलाचा आवाज न ऐकता आठवडा काढायची सवय. माझ्या मते दुसरी जास्त अवघड. कॅम्पला लीडर म्हणून राहिलेल्या कुणालाही विचारा, पोरं दोन दिवसात रुळतात, कॅम्पच्या ऑफिसमधे आईबाबांचा फोन मात्र शेवटपर्यंत वाजत असतो.

पण त्याही आधी फॉर्म भरायच्या वेळेला काही प्रश्न विचारून घ्या, आणि चर्चचा कॅम्प आहे म्हणजे सगळं ठीकच असणार असं धरून चालू नका. किती मुलांमागे एक लीडर? अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं मुक्कामी कॅम्पसाठीचं प्रमाण अंदाजाला धरता येतं, 6 ते 8 वर्षांच्या 6 मुलांमागे एक मोठा माणूस, 9 ते 14 वयाच्या 8 मुलांमागे एक, 15 ते 18 ला 10 मागे एक. लीडरची पार्श्वभूमी तपासतात का? एका मुलासोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत राहणार नाही असा नियम आहे का? आंघोळीची, कपडे बदलायची सोय कशी आहे? पोहायचं असेल तर लाइफगार्ड असतो का आणि पहिल्या दिवशी स्विम टेस्ट घेतात का? नीट चालवलेल्या कॅम्पला हे प्रश्न रोजचेच असतात, पटापट उत्तरं मिळतात. कुणी "आपलेच लोक आहेत, विश्वास ठेवा" एवढंच म्हणत असेल तर मी तरी तिथे पोर पाठवणार नाही.

मुलाशीही त्याच आठवड्यात बोला. तुझ्या अंगाला कुणी कसाही हात लावला, किंवा "हे घरी सांगू नकोस" म्हणालं, तर लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं, मग तो माणूस कितीही प्रार्थना करणारा असू दे. घाबरवत नाही बसायचं, रस्ता क्रॉस करायचे नियम सांगतो तसं सरळ सांगायचं.

आता सराव. कॅम्पच्या महिना दीड महिना आधी मुलाला आजीकडे, मावशीकडे, मित्राकडे दोन रात्री ठेवा, आणि त्या दोन रात्री फोन करू नका, हाच खरा सराव आहे नाहीतर नुसती पाहुणचाराची ट्रिप होते. परत आल्यावर विचारा, काय जमलं, रात्री काय वाटलं, मग काय केलंस. "मग काय केलंस" हे महत्त्वाचं, कारण त्याचं उत्तरच कॅम्पला कामी येतं, कुणी म्हणेल मी पुस्तक वाचलं, कुणी म्हणेल मावशीशी बोललो. बाकी घरातच बघा, आंघोळ स्वतःची स्वतः होते का, केस विंचरता येतात का, बूट बांधता येतात का, ओला टॉवेल बेडवर न टाकता वाळत घालता येतो का (हे मोठ्यांनाही येत नाही, पण असो). आणि रात्री अंथरूण ओलं व्हायचा त्रास असेल तर लपवू नका. लीडरला आधी गुपचूप सांगितलं तर तो झोपायच्या आधी बाथरूमला आठवण करतो, सकाळी सगळे बाहेर असताना चादर बदलली जाते, कुणाला कळतही नाही. न सांगता पाठवलं तर मूल आठवडाभर त्या एकाच भीतीत काढतं.

घरची आठवण येणारच. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा 2007 चा याच विषयावरचा रिपोर्ट आहे, त्यातही हेच म्हटलंय की घरापासून लांब गेल्यावर थोडीफार आठवण जवळजवळ सगळ्यांनाच येते, लहान काय आणि मोठे काय. म्हणून "तुला काही आठवण बिठवण येणार नाही बघ" असं म्हणू नका, आली की पोराला वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलंय. म्हणा, आठवण येईल, बहुतेक रात्री झोपताना नाहीतर दुपारच्या विश्रांतीच्या वेळेला येईल, कारण तेव्हा हातात काही काम नसतं, आणि आली की लीडरला सांगायचं, पत्र लिहायचं, मित्राशी बोलायचं. एक छोटं कॅलेंडर द्या, रोज एक खूण करायची, किती राहिले ते डोळ्याला दिसतं.

आणि सगळ्यात मोठं. "नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येतो" हे वाक्य तोंडातून काढू नका. प्रेमाने म्हणतो आपण, पण मुलाला ऐकू काय येतं, तर आईबाबांनाच वाटतंय की मला जमणार नाही. मग पहिल्याच रात्री जरा घशात दाटून आलं की पोर उठून लीडरकडे जातं, "माझ्या बाबांनी सांगितलंय फोन करायचा," आणि आता लीडरने करायचं काय? फोन दिला तर पोर घरी, नाही दिला तर लीडर खोटारडा नाहीतर बाबा खोटारडे. मी हे बघितलंय, लाइट बंद झाल्यावर भिंतीकडे तोंड करून, पांघरुणाच्या आत टॉर्च लावून पडलेली पोरं, हुंदका बाहेर येऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसलेलं. शेजारी बसून हळूच कुत्र्याचं नाव काय, भावाशी भांडतोस का असं काहीतरी विचारत राहिलं की पंधरा वीस मिनिटांत झोप लागते, सकाळी तेच पोर पहिल्या रांगेत. पण ज्याला घरून वचन मिळालंय ते झोपतच नाही, ते वचन धरून जागं राहतं. मुलाने आधीच विचारलं की "मला न्यायला येशील ना?" तर सांगा, तुला जमेल असं मला वाटतं, आणि खरंच मोठी अडचण आली तर तिथली मोठी माणसं आणि आम्ही मिळून ठरवू.

आता ख्रिश्चन कॅम्प म्हणजे नेमकं काय हे मुलाला सांगून पाठवा. दर कॅम्पचं वेगळं असतं पण साधारण सकाळी उठून क्वाएट टाइम, म्हणजे एकट्याने बसून बायबलचा थोडा भाग वाचायचा आणि प्रार्थना करायची, मग नाश्ता, रूमची साफसफाई, बायबल स्टडी, खेळ, संध्याकाळी गाणी आणि संदेश, रात्री कॅम्पफायर आणि रूममधे छोटं डिव्होशन, म्हणजे थोडं वाचन आणि प्रार्थना. बायबलमधली वचनं पाठ करायची असतात, त्यावर टीमला पॉइंट असतात. घरी आधी आठवडाभर सकाळी दहा मिनिटं असं बसायची सवय लावली तर पहिल्या दिवशी पोर कावरंबावरं होत नाही. बायबलमधलं मार्क 1:35 वाचून दाखवा, येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला ते, मग क्वाएट टाइम म्हणजे शिक्षा नाही हे समजतं. रात्रीसाठी स्तोत्र 4 मधलं 8 वं वचन पाठ करून घ्या, झोपेचंच आहे. बायबल पुस्तकाचं द्या कारण फोन जमा करून घेतात, आणि नवं कोरं भारीतलं नको, ते चिखलात पडणार आहे.

दुसऱ्या पंथाचा कॅम्प असेल तर आधी विचारा. कॅथलिक मुलाला रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली त्यांची उपासना, मिळणार का? बाप्तिस्मा देतात का, आणि देत असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही ना? शेवटच्या रात्री बऱ्याच ठिकाणी "ज्यांना येशूला जीवन द्यायचंय त्यांनी पुढे या" असं आवाहन होतं, म्हणजे येशूवर विश्वास ठेवायचं ठरवलंय हे सगळ्यांसमोर दाखवायचं. गाणी चालू असतात, पोरं दमलेली असतात, शेजारचा मित्र उठतो म्हणून हा पण उठतो. त्यात काही खोटंच असतं असं मी म्हणत नाही, खूप जणांचा विश्वास तिथूनच सुरू झालाय, पण मुलाला आधी सांगून ठेवा की मनापासून वाटलं तर जा, नाही वाटलं तर बसून राहिलास तरी देव रागावत नाही आणि आम्हीही नाही. "मला अजून विचार करायचाय" हे वाक्य मोठ्या माणसासमोर म्हणायची प्रॅक्टिस घरी करून घ्या, खरंच मोठ्याने म्हणायला लावा. आणि घर ख्रिश्चन नसेल, मित्राबरोबर मूल जात असेल, तर हे सगळं दुप्पट गरजेचं, तिथे जेवणाआधी प्रार्थना होणार, भजनं होणार, हे त्याला तिथे जाऊन कळू नये.

बॅग मुलाने भरायची, तुम्ही नुसतं यादी धरून बसायचं. कारण तिथे मोजे शोधणार कोण? आईने कोपऱ्यात नीट घडी करून ठेवलेले मोजे आठवडाभर बॅगेतच राहतात आणि पोर एकच जोड घालून फिरतं, हे दर वर्षीचं आहे. सोपी युक्ती, एका दिवसाचे कपडे एका झिपलॉक पिशवीत, आतले कपडे मोजे सकट, वर दिवसाचं नाव. ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी. प्रत्येक वस्तूवर नाव, टॉर्चवर पण, बायबलवर पण. बंद बूट दोन जोड, एक भिजतोच. टोपी, पाण्याची बाटली, वही, दोन पेनं. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर परत लावायचं, डासांचं औषध लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन मग त्यावर औषध, आणि हे घरी एकदा त्याच्याच हाताने लावून बघा, कानाच्या मागे आणि पायाच्या पावलावर कुणी लावत नाही. महागडं घड्याळ, गेम, दागिने घरी. चोरून फोन देऊ नका, तुम्हीच नियम मोडायला शिकवताय, तेही कुठल्या कॅम्पला.

औषधं मूळ पॅकिंगमधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, नर्सच्या हातात, बॅगेत नाही. अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन किंवा दम्याचा पंप असेल तर तो कुणाजवळ राहणार, मुलाजवळ की लीडरजवळ, ते आधी ठरवून घ्या. हेल्थ फॉर्मवर खरं लिहा. झोपेत चालतो, अंधाराला घाबरतो, घरात नुकतंच कुणी गेलंय, आईबाबा वेगळे राहतायत, हे लीडरला माहीत असलं तर रडणाऱ्या पोराशी काय बोलायचं हे त्याला कळतं. आणि रोजची गोळी "सुट्टीच आहे ना" म्हणून कॅम्पच्या आठवड्यात परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

सोडायच्या दिवशी लवकर पोचा, लवकर निघा. अंथरूण एकत्र घाला, लीडरला भेटा, छोटी प्रार्थना करा, मिठी मारा, आणि निघा. तीन तीन वेळा मागे फिरून "नक्की राहशील ना" करू नका. रडायचं असेल तर गाडीत बसून रडा, कुणी अडवत नाही.

पत्रं आधीच लिहून ऑफिसमधे देऊन ठेवा, वर तारीख घालून, म्हणजे पहिल्या दिवशीच एक हातात पडतं. पत्रात "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" नको. आज लीडर कोण मिळाला, कुठलं गाणं शिकलास, असं विचारा. मुलाकडून रडकं पत्र आलं तर तारीख बघा, ते दुसऱ्या दिवशी लिहिलेलं असतं आणि तुम्हाला मिळेपर्यंत लेखक नदीत डुंबत असतो. तरी चैन पडत नसेल तर लीडरला फोन करा, मुलाला नाही. फक्त एक, मूल खातच नाही, झोपतच नाही, दिवसाही कशात मन लागत नाही असं कॅम्पकडूनच कळलं तर हट्ट न करता घेऊन या, आणि त्यात हार बीर काही नाही.

परत आणताना नर्सकडून औषधं मागून घ्या, हमखास राहतात, हरवलेल्या वस्तूंचं टेबल बघा. घरी आल्यावर डोक्यात उवा बघा, रानात फिरले असतील तर काखेत, कानामागे, गुडघ्यामागे गोचीड बघा. मग झोपू द्या. लगेच प्रश्नांची सरबत्ती नको, गोष्टी तुकड्या तुकड्यात बाहेर येतात, जेवताना, गाडीत. "मी येशूला जीवन दिलं" असं सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका आणि लगेच सगळ्या चर्चला फोन करून जाहीरही करू नका, त्याच्यासाठी त्याचा अर्थ काय ते विचारा, आणि पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलायचंय का ते विचारा. आणि पुढच्या वर्षी जायचंय का हे मात्र त्या दिवशी विचारू नका, दमलेलं पोर कशालाही हो म्हणतं नाहीतर कशालाही नाही म्हणतं. आठवड्याने विचारा.