ग्रीक शेतकऱ्याचं घर शोधताना या चुका टाळा

प्राचीन ग्रीसमधली बहुतेक माणसं शेतीवर जगत होती. त्यांनी देवळं बांधली नाहीत आणि भाषणंही लिहून ठेवली नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं नांगरलेल्या रानात विखुरलेल्या खापरांवरूनच. १९७० च्या दशकापासून बिओशिया, केआ बेट, दक्षिण आर्गोलिड, लॅकोनिया अशा भागांत संशोधकांनी ठरावीक अंतर ठेवून, ओळ धरून शेतंच्या शेतं पायी पालथी घातली, तेव्हा कुठे हे शेतकरी नकाशावर आले. दर हंगामात नवी मुलं या कामाला येतात आणि त्याच चुका करतात. दोन चुका मला सहनच होत नाहीत. त्यांच्यावर सविस्तर लिहितो, बाकीच्या थोडक्यात.

चकचकीत खापरंच उचलणं

काळ्या लुकणाची, म्हणजे चकचकीत काळा लेप दिलेली, अथेनी भांडी दिसायला देखणी, आणि त्यांचा काळही पटकन सांगता येतो. नवख्याचा हात आपोआप तिकडे जातो. स्वयंपाकाच्या भांड्याचा जाडाभरडा तुकडा, रांजणाचा काठ, छपराच्या कौलाचा कोपरा मात्र पायाखालीच राहतो.

एका सर्वेक्षणातली गोष्ट सांगतो. ऑलिव्हच्या बागांमधल्या नांगरटीत आम्ही ओळीने चाललो होतो. प्रत्येकाने आपल्या पट्ट्यातली खापरं आणि कौलं मोजायची आणि ठरलेला नमुना पिशवीत भरायचा, एवढंच काम. संध्याकाळी आकडे नकाशावर चढवले तर मधोमध एक उभा पट्टा कोरा. डावीकडे दाट, उजवीकडे दाट, मध्ये काहीच नाही. तिथून जुनी वाट जात असावी, असाही तर्क कुणीतरी लढवला. मग त्या पट्ट्यातून चाललेल्या मुलाची पिशवी उघडली. आत काळ्या लुकणाचे मोजके सुंदर तुकडे होते, स्वच्छ पुसलेले. कौलांचं विचारलं तर म्हणाला, “ती तर सगळीकडेच होती, म्हणून मोजली नाहीत.” पुन्हा चालायला गेलो तोवर पाऊस होऊन गेला होता आणि रान हिरवं झालं होतं. जमीन दिसेना, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांशी तुलना करता येईल असे आकडे त्या हंगामात मिळालेच नाहीत. आणि कौलं दाट होती ती नेमकी तिथेच, म्हणजे छप्पर असलेली इमारत बहुधा त्याच पट्ट्यात होती.

“सगळीकडेच होती” हेच तर नोंदवायचं असतं. कच्च्या विटांच्या भिंती पावसात विरघळून जातात, लाकूड कुजतं किंवा कुणीतरी काढून नेतं. मागे राहतात दगडी पाया आणि कौलं. म्हणून शेतात शिरलं की मी आधी कौलं मोजतो. त्यांची पिशवी वेगळी ठेवतो, संध्याकाळी वजन करतो आणि त्यानंतरच लुकणाच्या खापरांकडे वळतो. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. ज्याला कौलाचा कंटाळा आहे त्याने संग्रहालयात काम करावं, शेतात येऊ नये.

जाडं खापर किती बोलतं हे पाहायचं असेल तर अथेन्सजवळच्या वारी या ठिकाणचं घर पाहा. हिमेटस डोंगराच्या दक्षिण टोकाला १९६६ मध्ये खणलेलं हे शेतातलं घर इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीचं आणि तिसऱ्याच्या सुरुवातीचं आहे. साधारण १८ मीटर लांब, १४ मीटर रुंद, मध्ये अंगण, दक्षिणेकडे तोंड केलेली पडवी, एका कोपऱ्यात जाड भिंतींची खोली. तिथे आतून ओरखडे काढलेल्या जाड भांड्यांचे तुकडे मिळाले. ही होती मधमाश्यांची आडवी ठेवायची मातीची घरं. पोळं आतल्या बाजूला नीट चिकटावं म्हणून ओरखडे काढलेले. अशा भांड्यांच्या रासायनिक तपासणीत पुढे मेणाचे अंशही सापडले. हिमेटसचा मध प्राचीन काळी नावाजलेला होता, पण तो काढणाऱ्यांचा धंदा आपल्या हाती लागला तो या कुरूप तुकड्यांमुळे. फक्त चकचकीत खापरं उचलली असती तर तिथे कुणीतरी जेवत होतं, एवढंच कळलं असतं.

खापरं दिसली की घर ठरवणं

ही दुसरी चूक, आणि हिच्यात शिकलेली माणसंही सापडतात. आपल्याकडे गावाची पांढरी वेगळी आणि पिकाची काळी वेगळी. ग्रीसबद्दलचा मोठा वाद नेमका हाच आहे: शेतकरी गावात राहून रानात जात होता, की रानातच वस्ती करून होता? इतिहासकार रॉबिन ऑस्बर्न यांनी १९८५ मध्ये अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिकाबद्दल गावाच्या बाजूने मत मांडलं. सर्वेक्षणवाल्यांच्या नकाशांवर मात्र इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकातल्या शेतवस्त्यांचे ठिपके भराभर वाढत होते.

पण ठिपका म्हणजे घर नव्हे. घरातला केर, राख, फुटकी भांडी उकिरड्यावर जात, तिथून शेणखताबरोबर शेतात. बिओशियातल्या शेतांवर पातळ थरासारखी पसरलेली खापरं अशीच आली असावीत, असं पुरातत्त्वज्ञ जॉन बिंटलिफ आणि अँथनी स्नॉडग्रास यांनी १९८८ मध्ये मांडलं. त्यावर पुढे आक्षेपही आले, कारण नांगर, पाण्याचा ओघ आणि उतारही खापरं हलवतात. खताचं स्पष्टीकरण सगळीकडे लावणं हाही आळसच. मी स्वतः घर म्हणायला चार गोष्टी एकत्र मागतो: कौलं, रांजण, स्वयंपाकाची भांडी आणि दळायचा दगड. नुसती कौलं असतील तर तो गोठा असेल, हंगामी निवारा असेल. नुसती पेल्यांची खापरं असतील तर छोटं देवस्थानही असू शकतं. घाई करून नकाशा भरणाऱ्यांना या अटी जाचक वाटतात, पण मी त्या सोडत नाही.

याच चुकीचं भावंड म्हणजे ठिपके मोजून लोकसंख्या काढणं. इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकातली सगळी घरं एकाच दिवशी चूल पेटवून बसली नव्हती. वारीचं घरही थोड्याच पिढ्या चाललं.

रिकामं घर म्हणजे गरीब घर

घाई करू नका. इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटलं आणि अ‍ॅटिकातले लोक अथेन्सच्या तटाआड गेले तेव्हा घरांचं लाकूडकामही काढून घेऊन गेले, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो. सामान आवरून गेलेल्या माणसाचं दारिद्र्य त्याच्या फरशीवरून ठरत नाही.

डोंगरउतारावरच्या शेतीच्या पायऱ्या प्राचीन मानणं

त्या प्राचीन असतील किंवा नसतीलही. गाळाला शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला हे मोजणाऱ्या पद्धतीने नाक्सोससारख्या बेटावर पाहिलं तेव्हा बऱ्याच पायऱ्या मध्ययुगातल्या आणि त्यानंतरच्या निघाल्या. भिंतीला टेकलेलं प्राचीन खापर भिंतीचं वय सांगत नाही.

हेसिओडला प्रातिनिधिक शेतकरी समजणं

हेसिओड हा शेतीवर काव्य लिहिणारा जुना ग्रीक कवी. त्याच्याकडे बैल होते, गुलाम होते. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं त्याची बाजू त्या काव्यात शोधू नका. रोमन लेखकांचे शेतीचे सल्ले ग्रीक शेतावर चिकटवणं तर त्याहून वाईट.

माती न धुणं

नुसत्या चाळणीने बारीक बी सहसा मिळत नाही. माती पाण्यात कालवून तरंगणारा कोळसा गोळा करावा लागतो, तेव्हा जव, ऑलिव्हच्या बिया, द्राक्षाच्या बिया हाती येतात. कोरड्या अ‍ॅटिकात गव्हापेक्षा जव जास्त पिकत होतं. अथेन्सजवळच्या एल्युसिस देवस्थानाच्या इ.स.पू. ३२९ च्या शिलालेखातले धान्याचे आकडेही तेच सांगतात. बादल्या उचलायचा कंटाळा आला म्हणून हा टप्पा गाळणाऱ्यांनी आहाराबद्दल एक ओळही लिहू नये.

उपग्रहाच्या चित्रावर भागवणं

मोठ्या भिंती दिसतात, खापर दिसत नाही. चाला. सूर्य खाली असताना चाला, आणि जमीन किती दिसत होती हे प्रत्येक शेतासाठी लिहा.

मनोऱ्याला किल्ला म्हणणं

केआ, सिफनोस, थासोस या बेटांवरच्या रानातले गोल-चौकोनी मनोरे पाहून सगळ्यांना पहारेकरी आठवतात. कित्येक मनोरे शेताशी किंवा खाणीशी जोडलेले होते. तिथे पीक, अवजारं, मौल्यवान चीजवस्तू ठेवत असावेत. काही अभ्यासकांच्या मते रात्री गुलामांना तिथे कोंडत होते. हे मत सगळ्यांना मान्य नाही. तरी शेतावरची राबती माणसं कुठे झोपत होती, हा प्रश्न विचारायला त्याने भाग पाडलं, आणि प्रत्येक मनोऱ्याच्या नोंदीत तो लिहिलेला असावा असा माझा आग्रह आहे: दार कोणत्या बाजूने बंद होत होतं, अडसराची खाच आत आहे की बाहेर, हे आधी पाहा.