दीर्घकाळ मैदानावर टिकण्यासाठी : पुण्यातील फुटबॉलपटूने सराव, शरीर आणि घर यांचा मेळ कसा घालावा

व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघ निवडायला बसल्यावर प्रशिक्षक सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो : या आठवड्यात कोण कोण तंदुरुस्त आहे. हंगामभर जवळपास प्रत्येक सामन्याला उभा राहणारा मध्यम कुवतीचा बचावपटू, चार सामने अप्रतिम खेळून उरलेला हंगाम बाहेर बसणाऱ्या आघाडीवीरापेक्षा संघाला अधिक उपयोगी पडतो. सुनील छेत्रीने २००५ मध्ये भारताकडून पदार्पण केले. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्याने निरोपाचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ आंतरराष्ट्रीय सामने आणि ९४ गोल होते, आणि मार्च २०२५ मध्ये वयाच्या चाळिशीत तो पुन्हा राष्ट्रीय संघात परतला. एवढी वर्षे टिकण्यासाठी लागणारी बहुतेक तयारी मैदानाबाहेर होते आणि तिचा मोठा भाग घरातच घडतो. म्हणूनच हे मार्गदर्शन खेळाडूंइतकेच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे.

सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. सराव संपल्यानंतर अर्ध्या तासाने, तो किती जड गेला याला शून्य ते दहा यांमधील गुण द्यावेत आणि त्या गुणांना सरावाच्या मिनिटांनी गुणावे. ७५ मिनिटांच्या सरावाला ६ गुण दिले, तर त्या दिवसाचा ताण ४५० झाला. आठवड्याची बेरीज मागील तीन-चार आठवड्यांच्या सरासरीच्या आसपास राहावी किंवा हळूहळू वाढावी. ती अचानक उसळली, तर पुढच्या आठवड्यात हात आखडता घ्यावा. मात्र वहीत केवळ क्लबचा सराव लिहून भागत नाही. कॉलेजचा सामना, मित्रांबरोबर रात्री टर्फवर खेळलेला तासभर, सकाळी तळजाईवर मारलेली धाव, हे सारे त्याच दोन पायांवर पडते. पुण्यात आणखी एक नोंद अत्यावश्यक आहे आणि ती हमखास राहून जाते : गणेशोत्सवापूर्वी चालणारा ढोल-ताशा पथकाचा सराव. कमरेला ढोल बांधून दोन-तीन तास उभे राहिले की कंबर, मांड्यांचे मागचे स्नायू आणि पोटऱ्या थकतात, आणि तेही नेमके मैदाने चिखलाने जड झालेली असताना. पथक सोडून द्यावे असे मी म्हणणार नाही, कारण माणसाला खेळापलीकडचेही आयुष्य हवे. परंतु वादनाचे तास वहीत लिहावेत आणि त्या दिवशी वेगाने धावण्याचा सराव ठेवू नये.

वॉर्म-अपच्या बाबतीत आपल्याकडे फार हयगय होते. मैदानाला दोन फेऱ्या, उभ्या उभ्या चार ताण आणि लगेच गोलवर फटके, हा प्रकार थांबवावा. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने तयार केलेला ‘११ प्लस’ हा कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यासाठी खुणेसाठी ठेवायच्या चार-सहा शंकूंपलीकडे काही साहित्य लागत नाही. त्यात साधारण ८ मिनिटे हलके धावणे, १० मिनिटे ताकद, उडी व तोल यांचे व्यायाम आणि शेवटी २ मिनिटे वेगवान धाव, असे एकूण १५ व्यायाम २० मिनिटांत होतात. आठवड्यातून किमान दोनदा आणि नीट केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. यातील ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा आहे : उडीनंतर पाय टेकताना गुडघा आतल्या बाजूला वळत असेल, तर प्रशिक्षकाने तिथेच थांबवून दुरुस्ती करावी. मुलींच्या संघांत याकडे विशेष लक्ष हवे, कारण गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये अधिक प्रमाणात होते.

हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागील स्नायूंचा समूह, हा फुटबॉलपटूचा सर्वांत नाजूक भाग आहे. युरोपातील अव्वल क्लबांत २००१ पासून ठेवलेल्या नोंदींनुसार एकूण दुखापतींमधील या दुखापतीचा वाटा दोन दशकांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. खेळाचा वेग वाढला, सामने वाढले आणि त्याची किंमत या स्नायूंनी मोजली. त्यासाठी ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम प्रत्येक खेळाडूने शिकून घ्यावा. गुडघ्यांखाली घडी घातलेली सतरंजी घेऊन गुडघ्यांवर उभे राहावे आणि जोडीदाराने मागे बसून दोन्ही घोटे जमिनीशी घट्ट दाबून धरावेत. मग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून अतिशय सावकाश पुढे झुकावे. कमरेतून वाकल्यास सगळा व्यायाम वाया जातो. खाली जाताना शरीराचा भार मांडीमागील स्नायूंनी रोखून धरावा, रोखणे अशक्य होईल त्या क्षणी तळहात टेकून छाती अलगद खाली न्यावी आणि हातांनी रेटा देऊन पुन्हा वर यावे. पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी पाच-पाचच्या दोन खेपा पुरेत, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच धरतात. पुढे दहा आठवड्यांत खेपा आणि दिवस वाढवत न्यावेत आणि हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा तरी हा व्यायाम चालू ठेवावा. सामन्याच्या आदल्या दिवशी तो करू नये. हा व्यायाम समाविष्ट करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचे आढळले आहे. इतक्या कमी खर्चात इतका लाभ देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

बुटांबद्दल थोडक्यात. कोरड्या मुरमाच्या मैदानावर लांब स्टडचे, म्हणजे तळव्याला लांब खुंट्या असलेले, बूट घालू नयेत, कारण घोट्याला आणि गुडघ्याला नाहक धक्के बसतात. कृत्रिम टर्फवरही हे स्टड रुतून अडकतात आणि पाय जागीच राहून गुडघा तेवढा वळतो. दोन्हीकडे आखूड रबरी स्टडचे बूट बरे. वेताळ टेकडीवर धावणाऱ्यांनी चढावर जोर लावावा आणि उतारावर चालत यावे.

दुखापत झालीच, तर मैदानावर परतण्याची तारीख आगामी स्पर्धेकडे पाहून ठरवू नये. आधीची दुखापत हे पुढच्या दुखापतीचे सर्वांत ठळक कारण असते, हे हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत वारंवार सिद्ध झाले आहे. वेदना थांबणे म्हणजे स्नायू बरा होणे नव्हे. पूर्ण वेगाने धावता येणे, अचानक थांबून दिशा बदलता येणे आणि दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होणे, या तिन्ही गोष्टी फिजिओने तपासल्याखेरीज सामना खेळू नये. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबावेच. निवड चाचणी पुन्हा येते, हे पालकांनीच मुलाला ठामपणे सांगायला हवे, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते पटणे अवघड असते.

आहारासाठी प्रथिन-पावडरच्या परदेशी डब्यांची गरज नाही. भाकरी, भात-वरण, मोडाची उसळ, दही, शेंगदाणे आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मासे यांतून बरेचसे साधते. फक्त प्रथिने दिवसभरात विभागून घ्यावीत आणि सामन्यानंतर तासाभरात जेवावे. बालेवाडीहून धनकवडीला दुचाकीने परतायला वेळ लागतो, म्हणून डबा सोबतच न्यावा. श्रावणात वा एकादशीला उपवास धरायचा असल्यास साबुदाण्यावर दिवस काढू नये. दूध, दही, दाण्याची आमटी आणि राजगिरा जोडीला घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत सरावापूर्वी आणि सरावानंतर वजन करावे व घटलेल्या प्रत्येक किलोमागे एक ते दीड लिटर पाणी, त्यात चिमूटभर मिठाचे लिंबू किंवा कोकम सरबत, पुढील काही तासांत प्यावे. झोप प्रौढांना सात ते नऊ तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास लागते. रात्री अकराला टर्फ आरक्षित करून सकाळी सहाला सराव करणारा मुलगा कितीही मेहनती असला, तरी तो स्वतःचे नुकसान करून घेत असतो.

घराबाबत माझे मत स्पष्ट आहे : कुटुंबाने खेळाडूसाठी जे करावे त्याचीच चर्चा होते, खेळाडूने कुटुंबासाठी काय करावे याची फारशी होत नाही. सामन्यांचे वेळापत्रक हाती येताच ते सर्वांसमवेत बसून पाहावे आणि त्यातच घरातील दोन-तीन प्रसंग, मग ते बहिणीचे लग्न असो वा आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस, ठळक लिहावेत आणि ते प्रशिक्षकाला आधीच कळवावेत. ऐनवेळी मागितलेली सुट्टी खटकते, तर दोन महिने आधी सांगितलेली बहुधा मिळते. घरात तान्हे बाळ असेल, तर सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूने दुसऱ्या खोलीत झोपणे योग्यच आहे. परंतु सामन्यानंतरची रात्र बाळासोबत त्याने जागावी आणि पत्नीला सलग झोप मिळू द्यावी. व्यावसायिक संघात सराव बहुधा सकाळी दीड-दोन तासांत आटोपतो. दुपारी तासभर विश्रांती घेतली, की मुलाला शाळेतून आणणे, त्याचा अभ्यास घेणे, सासू-सासऱ्यांना दवाखान्यात नेणे हे सहज जमते आणि त्याने शरीराचे काहीही बिघडत नाही. पराभवाची चिकित्सा एखाद्या सहखेळाडूशी फोनवर करावी, जेवणाच्या ताटावर ती आणू नये. पालकांनीही मूल सामन्याहून परतल्यावर ‘गोल किती केलेस’ असे विचारण्यापूर्वी ‘भूक लागली का, कुठे लागले तर नाही ना’ असे विचारावे.

करार बहुतेकदा एक-दोन वर्षांचेच असतात, त्यामुळे पदवी पूर्ण करावी, स्वतःचा वैद्यकीय विमा उतरवावा आणि खेळत असतानाच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना घेऊन प्रशिक्षणाची वाट मोकळी ठेवावी. हंगाम संपल्यावर पहिले दोन आठवडे फुटबॉलला हात लावू नये आणि घरच्यांना घेऊन कोकणात वा गावी जावे; तिसऱ्या आठवड्यापासून पोहणे, सायकल, हलके धावणे आणि नॉर्डिकच्या पाच-पाचच्या खेपा पुन्हा सुरू कराव्यात, आणि पहिल्या सामन्यापूर्वी पूर्ण तयारीसाठी सुमारे सहा आठवडे मिळतील अशा बेताने वहीत नवे पान उघडावे.