ब्रिटिश लढाऊ वैमानिकाची युद्धसेवा कागदपत्रांतून कशी शोधावी

दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सकडून लढलेल्या एखाद्या वैमानिकाची माहिती काढायची म्हटली, की बहुतेक जण त्याच्या सर्वांत गाजलेल्या लढाईपासून सुरुवात करतात. ही सुरुवातच चुकीची आहे, असे माझे मत आहे. गाजलेला प्रसंग अनेक तोंडांतून फिरलेला असतो आणि प्रत्येक सांगणाऱ्याने त्याला आपला रंग चढवलेला असतो. म्हणून आधी माणूस निश्चित करावा, मग त्याची स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी, मग तारीख, आणि हे सारे हाती आल्यावरच त्या लढाईकडे वळावे. उदाहरणासाठी मी जेम्स निकोल्सन यांची सेवा घेतो. फायटर कमांड या लढाऊ विमानांच्या विभागातील वैमानिकांपैकी या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालेले ते एकटेच, आणि त्यांच्या सेवेचा उत्तरार्ध भारतात गेलेला आहे.

नावाची खातरजमा वाटते तितकी सोपी नसते. निकोल्सन यांचे पूर्ण नाव एरिक जेम्स ब्रिंडली निकोल्सन. जेम्स हे त्यांचे मधले नाव, त्यामुळे सूचीत ते एरिक म्हणून सापडतात. शिवाय त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एच' हे अक्षर नाही, आणि ते घालून शोधणाऱ्याला भलतेच लोक भेटतात. म्हणून नावाबरोबर सेवाक्रमांक मिळवावा. स्क्वाड्रन बदलली, हुद्दा बदलला, तरी अधिकाऱ्याचा क्रमांक तोच राहतो. मात्र सार्जंट वैमानिकाला पुढे अधिकारीपद मिळाले, की त्याला नवा क्रमांक मिळतो आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात.

हुद्द्यांच्या बाबतीत मराठी वाचकाची हमखास फसगत होते ती 'पायलट ऑफिसर' या शब्दांपाशी. हा हुद्दा आहे, कामाचे नाव नव्हे. कार्यालयात बसणारा, आयुष्यात कधीही विमान न चालवलेला तरुण अधिकारीही पायलट ऑफिसर असू शकतो, आणि तिकडे स्पिटफायर उडवणारा निष्णात वैमानिक साधा सार्जंट असू शकतो. त्यावरच्या पायऱ्या फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर आणि विंग कमांडर अशा चढत जातात. युद्धकाळात अनेकांना वरचा हुद्दा तात्पुरता दिलेला असे, त्यामुळे दोन कागदांवर एकाच महिन्यात दोन हुद्दे दिसले, तरी लगेच माणूस वेगळा समजू नये.

यानंतर लंडन गॅझेट पाहावे. नेमणुका, बढत्या आणि पदके या सरकारी राजपत्रात छापली जात आणि ते आज इंटरनेटवर शोधता येते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: राजपत्रातील तारीख ही छपाईची असते, प्रसंगाची नव्हे. निकोल्सन यांची लढाई १६ ऑगस्ट १९४० ची, तर पदकाची घोषणा १५ नोव्हेंबरची. पदकासोबत छापल्या जाणाऱ्या मानपत्राचा मजकूर नेमका असला, तरी तो शिफारशीतून उतरलेला असतो. पराक्रम ठळक व्हावा हाच त्याचा हेतू असल्यामुळे तो साक्ष म्हणून वाचावा, निकाल म्हणून नव्हे.

खरे काम सुरू होते ते स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकपाशी, म्हणजे तिच्या रोजच्या कामगिरीच्या नोंदवहीपाशी. लंडनच्या क्यू भागातील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ही दफ्तरे 'एआयआर २७' या मालिकेत आहेत आणि त्यांच्या प्रती संगणकावर उतरवून घेता येतात. प्रत्येक महिन्याचे कागद दोन प्रकारचे असतात. फॉर्म ५४० वर त्या त्या दिवसाचा सारांश असतो: हवामान, मुक्काम, आलेगेले अधिकारी, कधी एखादी मेजवानी. फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाचा तपशील असतो: विमानाचा क्रमांक, वैमानिकाचे नाव, निघण्याची व उतरण्याची वेळ आणि कामगिरी. घाईत असलेला वाचक फक्त ५४१ पाहतो; मी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचण्याचा सल्ला देईन, कारण एकावर राहून गेलेली गोष्ट दुसऱ्यावर सापडते. निकोल्सन यांची २४९ स्क्वाड्रन यॉर्कशरमधील चर्च फेंटनहून १४ ऑगस्टला दक्षिणेकडील बॉस्कोम डाउनला आली होती, म्हणजे लढाईच्या अवघे दोन दिवस आधी. मुक्कामाचा रकाना वाचला नाही, तर साउदॅम्प्टनजवळच्या लढाईत यॉर्कशरची स्क्वाड्रन कशी, असा प्रश्न पडतो.

त्या दिवशी निकोल्सन हरिकेन विमानांच्या तीन जणांच्या तुकडीचे नेतृत्व करत होते आणि उरलेल्या दोघांचेही आडनाव किंग होते: एक स्क्वाड्रन लीडर, दुसरा पायलट ऑफिसर. स्क्वाड्रन लीडर किंग आपले विमान घेऊन परतले. पायलट ऑफिसर किंग यांनी पॅराशूटने उडी मारली, पण पॅराशूट मिटल्याने ते मरण पावले. नुसते आडनाव पाहून नोंद उतरवणारा संशोधक इथे मेलेल्याला जिवंत आणि जिवंताला मृत करून ठेवतो. आद्याक्षरे आणि विमानाचा क्रमांक, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय नाव वहीत लिहू नये. निकोल्सन यांच्या विमानाचा क्रमांक पी ३५७६ होता. विमानाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेली स्क्वाड्रनची खूण, २४९ च्या बाबतीत जीएन, ही वेगळी गोष्ट असून दोहोंची गल्लत करू नये.

वेळांची जुळवाजुळव करताना घड्याळाचा विचार करावा. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटनचे घड्याळ ग्रीनिचच्या एक तास पुढे होते आणि जर्मनीचे दोन तास. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कागदांत एकच लढाई तासाभराच्या फरकाने दिसते. मे १९४१ पासून ब्रिटननेही उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे नेले.

लढाईनंतर वैमानिकाने गुप्तवार्ता अधिकाऱ्याकडे दिलेला अहवाल 'एआयआर ५०' या मालिकेत शोधावा. सर्व स्क्वाड्रनचे अहवाल टिकलेले नाहीत, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. जे टिकले आहेत, त्यांत शत्रूची विमाने 'नष्ट', 'बहुधा नष्ट' आणि 'नुकसानग्रस्त' अशा वर्गांत मांडलेली आढळतात. हे आकडे वैमानिकाच्या नावापुढे जसेच्या तसे मांडणे ही मला सर्वांत खटकणारी सवय वाटते. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ विमाने पाडल्याचे जाहीर केले. जर्मनांनी प्रत्यक्षात गमावली होती सुमारे ६०. यात लबाडी नव्हती. एकाच विमानावर तिघे जण काही सेकंदांच्या अंतराने गोळ्या झाडत, ते धूर सोडत ढगांत शिरे आणि तिघेही प्रामाणिकपणे ते आपल्या खात्यावर मांडत. म्हणून लिहिताना 'पाडली' असे न लिहिता 'पाडल्याचा दावा केला' असे लिहावे आणि जर्मन नुकसानीच्या नोंदींशी मेळ बसला, तरच क्रियापद बदलावे.

वैमानिकाची उड्डाणवही कुटुंबाकडे किंवा एखाद्या संग्रहालयात असेल, तर तिच्याइतका जवळचा कागद नाही. तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, कामगिरी आणि दिवसाचे व रात्रीचे तास असे तिचे रकाने असतात. रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहिण्याची पद्धत होती आणि महिनाअखेरीच्या बेरजेवर वरिष्ठाची सही असे. वहीतील रिकाम्या जागाही वाचाव्यात. निकोल्सन यांच्या हरिकेनवर शत्रूच्या विमानाच्या तोफेचे चार गोळे आदळले, दोन त्यांना लागले आणि टाकीने पेट घेतला. तशा जळत्या कॉकपिटमध्ये बसून त्यांनी समोरच्या मेसरश्मिट ११० या जर्मन लढाऊ विमानावर मारा केला, मगच उडी घेतली. खाली येत असताना होमगार्ड या ब्रिटिश स्वयंसेवक दलाच्या माणसांनी त्यांच्यावर गोळीही झाडली. हातांना आणि चेहऱ्याला झालेल्या गंभीर भाजण्यामुळे सप्टेंबर १९४१ पर्यंत ते लढाऊ उड्डाणांसाठी तंदुरुस्त नव्हते. असा खंड दिसला, की दवाखाना, प्रशिक्षणकेंद्र किंवा मुख्यालयाच्या कागदांकडे वळावे.

भारतातील वाचकाला या दफ्तरांत ओळखीची नावे भेटतील. लढाऊ विमानांसाठी देणग्या देणाऱ्या प्रदेशांची व संस्थानांची नावे स्क्वाड्रनना दिली गेली होती: १२२ ही 'बॉम्बे', १३२ ही 'सिटी ऑफ बॉम्बे' आणि १२४ ही गायकवाडांच्या देणगीमुळे 'बडोदा'. नावावरून तिथे आपली माणसे असतील, असा निष्कर्ष काढू नये, आणि मुंबईच्या दोन स्क्वाड्रन आहेत, हे विसरून एकीची लढाई दुसरीच्या नावावर घालू नये.

निकोल्सन १९४२ मध्ये भारतात आले. ऑगस्ट १९४३ पासून वर्षभर त्यांनी २७ स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. ही स्क्वाड्रन आगरतळ्यासारख्या तळांवरून ब्रह्मदेशातील जपानी दळणवळणावर हल्ले करत असे, आणि १९४४ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्यांचा मृत्यू मात्र २७ च्या दफ्तरात शोधणाऱ्याला सापडणार नाही. २ मे १९४५ रोजी मुख्यालयातील अधिकारी असताना ते निरीक्षक म्हणून ३५५ स्क्वाड्रनच्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानातून गेले. एका इंजिनाला आग लागून ते विमान बंगालच्या उपसागरात कोसळले. अशा वेळी विमान ज्या स्क्वाड्रनचे, तिचेच दफ्तर पाहावे लागते. त्यानंतर युद्धात मरण पावलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या सूचीत नाव तपासावे. ब्रिटन आणि वायव्य युरोपातून उड्डाण करून बेपत्ता झालेल्यांची नावे इंग्लंडमधील रनीमीड स्मारकावर आहेत. निकोल्सन यांचा मृतदेह मिळाला नाही आणि ते पूर्वेकडे गेले असल्याने त्यांचे नाव सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेले आहे.